आकाशांतलें पाणी आणि जमिनीवरचें तेल

वणवा म्हटला कीं, आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें चैत्रवैशाखांतील सह्याद्रीच्या उतरणी येतात. रात्रीं दूरच्या डोंगरावर एक तांबूस रेघ दिसावी, मुलांनीं ती कौतुकानें पाहावी, वडील माणसांनीं यंदा उन्हाळा कडक आहे असें म्हणावें आणि सकाळीं तेथें काळा पट्टा राहावा, एवढाच आपल्या शहरी कुटुंबांचा वणव्याशीं परिचय. परंतु पृथ्वीवर असेहि प्रदेश आहेत कीं, जेथें वणव्याचें नांव निघतांच घरोघरीं दाराशीं मोटार उभी राहते आणि कागदपत्रें, औषधें व लहान मुलांचे कपडे तींत भराभर जाऊं लागतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पश्चिम भाग हा अशा प्रदेशांपैकींच होय. तेथील उन्हाळा बहुतांशीं कोरडा, डोंगर उंच, आणि त्यांवर सूचिपर्णी वृक्षांचीं कोसच्या कोस पसरलेलीं अरण्यें. १९१० सालच्या ऑगस्टच्या २० व २१ या तारखांस आयडाहो व माँटाना या भागांत सोसाट्याच्या वाऱ्यानें भडकलेल्या अग्नीनें सुमारें तीस लक्ष एकर जंगल जाळलें आणि निदान ८५ माणसांचा बळी घेतला. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, विद्या वाढली, यंत्रें वाढलीं. तरी २०१८ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस कॅलिफोर्नियांतील पॅरडाइज हें गांव कांहीं तासांत भस्मसात् झालें, ८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या.

अशा वेळीं वर्तमानपत्रांत व पडद्यावर आपणांस जें चित्र दिसतें, तें बहुधा हेलिकॉप्टरचें असतें. धुराच्या लोटांतून तें येतें, पोटाखालीं लोंबणाऱ्या बादलींतून पाण्याचा पांढरा पडदा सोडतें आणि वळून दिसेनासें होतें. पाहणाराचा ऊर भरून येतो, आणि तो येणें योग्यच आहे. तथापि या लेखांत आम्ही त्या हेलिकॉप्टरविषयीं थोडें आणि त्याच्या मागून घाटरस्त्यानें जो एक तेलाचा टँकर येतो, त्याच्या ड्रायव्हरविषयीं अधिक लिहिणार आहों. त्याचें चित्र सहसा कोणी काढीत नाहीं. पण तो वेळेवर आला नाहीं, किंवा येऊन त्यानें आपलें काम नीट केलें नाहीं, तर आकाशांतलें पाणी आकाशांतून पडतच नाहीं.

वणवा विझवितो कोण?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हेलिकॉप्टर पाणी ओतून वणवा विझवितें, असें आपणांस वाटतें. परंतु त्या कामांत मुरलेलीं माणसें तसें म्हणत नाहींत. वणवा थांबवितो तो जमिनीवरचा माणूस. जळण्याजोगें सर्व कांहीं बाजूस सारून नुसती माती उघडी पाडलेली पट्टी, जिला आपल्याकडील वनखात्याचे लोक जाळरेषा म्हणतात, ती अग्नीच्या भोंवतीं ओढली कीं, पुढें खावयास कांहीं न उरल्यामुळें अग्नि उपाशीं मरतो. ही रेषा आजहि पुष्कळ ठिकाणीं हातानेंच खणावी लागते. तेथील जवानांच्या हातांत एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असें जें हत्यार असतें, त्याला पुलास्की म्हणतात. १९१० च्या त्या भयंकर वणव्यांत एड पुलास्की नांवाच्या वनरक्षकानें वॉलेस गांवाजवळ आपल्या सोबत्यांना खाणीच्या एका बोगद्यांत नेऊन त्यांतील बहुतेकांचे प्राण वांचविले. त्याचेंच हें नांव.

मग हेलिकॉप्टर कशासाठीं? ज्वाळा माणसाच्या डोक्याहून उंच झाल्या म्हणजे जवळ उभें राहून खणणें अशक्य होतें. अशा वेळीं वरून पाणी पडलें कीं अग्नीचा जोर कांहीं मिनिटें ओसरतो आणि तेवढ्या अवधींत माणसें पुढें सरकतात. शिवाय माणसें डोंगरावर पोंचविणें, जखमींस खालीं आणणें, अन्न, पाणी व हत्यारें नेणें हींहि कामें त्याचींच. १९४७ सालच्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांतील एंजेलिस राष्ट्रीय वनांत लागलेल्या वणव्यावर बेल कंपनीच्या एका लहानशा हेलिकॉप्टरमधून माणसें नेण्यांत आलीं. वणव्याच्या कामीं हेलिकॉप्टर लावण्याची खरी सुरुवात तेव्हांपासूनची. आज त्या देशांत या हेलिकॉप्टरांचे तीन वर्ग मानतात. सर्वांत लहान वर्गाचें यंत्र निदान शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशें लिटरांच्या आसपास पाणी उचलतें. सर्वांत मोठ्या वर्गांतील स्कायक्रेन नांवाचें यंत्र एका खेपेस दहा हजार लिटर पाणी नेतें, आणि तळ्यावर तरंगत राहून सोंडेसारख्या नळीनें तें मिनिटाच्या आंत पोटांत ओढून घेतें. हत्ती पाणी पितांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या दृश्याची कल्पना सहज येईल.

परंतु हत्तीला चारा लागतो, तसें या यंत्रालाहि लागतें. लहान हेलिकॉप्टर तासाला सुमारें पावणेदोनशें लिटर इंधन जाळतें. स्कायक्रेन तासाला दोन हजार लिटरांच्या घरांत. एकदां टाकी भरली कीं साधारण दोन तासांची बेगमी होते. वैमानिकास एका दिवसांत आठ तासांपलीकडे उडावयाचें नाहीं, असा वणव्याच्या सरकारी कामावरील नियम आहे. या आठ तासांचा हिशेब केला तर एका मोठ्या यंत्राला दिवसाकाठीं सोळा हजार लिटर, वजनानें तेराशें नव्हे तर सुमारें तेरा हजार किलो, इतकें इंधन हवें. आणि वणवा विमानतळाशेजारीं लागत नसतो. तो लागतो जेथें रस्ता संपतो तेथें. म्हणून इंधनालाच हेलिकॉप्टरकडे जावें लागतें.

मागून येणारा

वणव्याच्या हंगामांत हेलिकॉप्टर एका ठिकाणीं रहात नाहीं. आज एका संस्थानांत, उद्यां दुसऱ्या संस्थानांत. हुकूम सुटला कीं वैमानिक पाऊण तासांत उडतो आणि डोंगर, दऱ्या, नद्या सरळ ओलांडून दोनअडीच तासांत पांचशें किलोमीटर गांठतो. टँकरला तें भाग्य नाहीं. त्याला प्रत्येक घाट चढावा लागतो आणि प्रत्येक घाट उतरावा लागतो. वैमानिकाचा दोन तासांचा प्रवास ड्रायव्हरच्या वांट्याला सबंध दिवसाचा होऊन येतो. शेवटचे कित्येक मैल तर जंगलांतील कच्च्या रस्त्याचे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, पुढें धूर आणि समोरून घरेंदारें सोडून येणाऱ्यांच्या मोटारी. इतर सर्व माणसें ज्या दिशेनें पळत असतात, तिच्या उलट दिशेनें ज्वालाग्राही तेलाची टाकी घेऊन जाणें हा ज्याचा नित्याचा व्यवसाय, त्याची मनोवृत्ति कशी असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

टाकी वाहून नेणें हीच एक स्वतंत्र विद्या आहे. आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट फार असें म्हणतात, आणि विहिरीवरून घागर आणणाऱ्या बायकांस तें म्हणीवांचूनहि ठाऊक होतें: भरलेली घागर डोक्यावर शांत बसते, अर्धी घागर हेलकावे देते. टँकरचें तसेंच आहे. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षां अधिक धोक्याची. वळणावर आंतील द्रव एका अंगास धांवतो आणि गाडी कलंडूं पाहतो; ब्रेक लावला तर तोच पुढें धांवून गाडीला ढकलतो. टाकींत आडवे पडदे घातलेले असतात, तरी हेलकावा पुरता जात नाहीं. दिवसभर इंधन वाटीत गेलेली अर्धी टाकी घेऊन संध्याकाळच्या अंधारांत घाट उतरणें हें काम म्हणूनच नवशिक्याचें नव्हे.

त्यामुळें परवानाहि साधा चालत नाहीं. जड वाहनाचा परवाना निराळा. त्यावर द्रवाची टाकी नेण्याची नोंद निराळी, आणि धोकादायक माल नेण्याची नोंद त्याहून निराळी. या शेवटच्या नोंदीसाठीं बोटांचे ठसे देऊन सरकारकडून पूर्वचरित्राची तपासणी करून घ्यावी लागते. टाकीवर १८६३ हा आंकडा ठळकपणें लावलेला असतो. तो पाहतांच आंत विमानाचें इंधन आहे हें अग्निशामक दलाच्या कोणत्याहि माणसास समजतें. साधारणतः सलग दहा तास विश्रांति झाल्यावर अकरा तासच गाडी हाकावयाची, असा कायदा आहे. झोंप न झालेला माणूस हा तेलाच्या टाकीइतकाच ज्वालाग्राही आहे, हें कायदा करणारांनीं ओळखलें असावें.

एका थेंबाचा प्रश्न

या हेलिकॉप्टरांचें इंधन म्हणजे कांहीं अद्भुत रसायन नव्हे. ज्या रॉकेलवर आपल्या आजोबांनीं कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केला आणि आपल्या आईनें स्टोव्ह पेटविला, त्याचाच हा अधिक शुद्ध केलेला भाऊ. ज्यांनीं कंदील वापरला आहे त्यांस आठवत असेल कीं, रॉकेलांत पाण्याचा अंश गेला तर वात तडतडते आणि ज्योत मिणमिणूं लागते. घरांत तसें झालें तर फार तर काळोख होतो. पण डोंगराच्या माथ्यावर, झाडांच्या शेंड्यांपासून शंभर फुटांवर, खालीं पाण्याची बादली लोंबत असतां इंजिन मिणमिणलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

म्हणून टँकरवाल्याचा दिवस उजाडतो तो पाण्याच्या शोधानें. रात्रीं थंडीनें टाकीच्या आंतल्या अंगास दंव धरतें आणि त्याचे थेंब इंधनांत उतरतात. पाणी जड असल्यामुळें तळाशीं बसतें. सकाळीं तळची तोटी उघडून थोडें इंधन पारदर्शक बरणींत घ्यावयाचें आणि उजेडांत धरून पाहावयाचें. तें निर्मळ व चकचकीत दिसलें पाहिजे. ढगाळपणा नको, तळाशीं थेंब नको, तरंगणारा कण नको. पाण्याच्या स्पर्शानें रंग बदलणारें एक मलमासारखें द्रव्यहि असतें. तें काठीला लावून टाकीच्या तळापर्यंत बुडवून पाहतात. पाणी आणि इंधन जेथें एकमेकांस भिडतात त्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात व त्यांचा चिकट थर फिल्टरांत अडकतो, म्हणून तळचें पाणी रोजच्या रोज काढून टाकणें भाग असतें. यानंतर टाकींतून निघालेलें इंधन पाणी व कण अडविणाऱ्या अतिसूक्ष्म फिल्टरांतून जाऊन मगच नळींत येतें. प्रत्येक तपासणीची नोंद वहींत होते. आपल्या घरांतील वडील बायका पिण्याचें पाणी दुहेरी फडक्यांतून गाळीत, उजेडांत तांब्या धरून पाहात आणि मगच माठांत ओतीत. त्या कधीं रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या. पण जें दुसऱ्याच्या पोटांत जावयाचें तें आपण डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जाऊं द्यावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम आणि या ड्रायव्हरचा नियम एकच आहे.

चूक केवळ पाण्याचीच होते असें नाहीं. पिस्टनच्या इंजिनांस लागणारें विमानी पेट्रोल निळसर रंगाचें असतें, आणि टर्बाइनच्या इंजिनांस लागणारें हें रॉकेल पाण्यासारखें किंवा फिकट पिवळसर. एकाच्या जागीं दुसरें गेलें तर अनर्थ ओढवतो. म्हणून दोहोंच्या टाक्यांवरील पाट्यांचे रंग आणि नळीच्या तोंडांचे आकारहि निराळे ठेवले आहेत. एवढी काळजी घेऊनहि काय होतें याचें एक उदाहरण ताजें आहे. जेट इंधनांत कधीं कधीं गोठणें टाळण्यासाठीं एक द्रव मिसळतात. २०१७ ते २०१९ च्या दरम्यान नेब्रास्का व फ्लोरिडा येथील विमानतळांवर त्या द्रवाच्या जागीं डिझेल मोटारींच्या धुराची शुद्धि करणारा, दिसावयास तसाच स्वच्छ, असा दुसराच द्रव ओतला गेला. इंधनांत त्याचे स्फटिक झाले व फिल्टर चोंदले. २०१९ च्या मे महिन्यांत फ्लोरिडांतून निघालेल्या दोन विमानांचीं इंजिनें त्यामुळें आकाशांत बंद पडलीं. सुदैवानें दोन्ही विमानें सुखरूप उतरलीं. वैमानिक निष्णात होते, यंत्रें उत्तम होतीं. चूक झाली होती ती खालीं, जमिनीवर, एका डब्यावरची पाटी वाचण्यांत.

इंधन भरण्याची क्रियाहि अशीच शिस्तीची. कोरड्या हवेंत लोकरीचा स्वेटर काढतांना जी चटचट होते, तीच वीज इंधन वेगानें नळींतून व फिल्टरांतून जातांना उत्पन्न होते. आणि एक ठिणगी पुरे होते. म्हणून टँकर व हेलिकॉप्टर हीं प्रथम धातूच्या तारेनें जोडावयाचीं, म्हणजे दोहोंतील विजेचा भेद नाहींसा होतो, नळी त्यानंतर. काम संपल्यावर क्रम उलटा. नळीची मूठ दाबून धरावी तोंवरच इंधन वाहतें. ड्रायव्हरला भोंवळ येऊन हात सुटला तर प्रवाह आपोआप थांबतो. जवळ दोन अग्निशामक नळकांडीं तयार हवींत. पन्नास फुटांच्या आंत कोणी विडीकाडी ओढावयाची नाहीं. आंत प्रवासी बसलेले असतां इंधन भरावयाचें नाहीं. हेलिकॉप्टरजवळ जावयाचें तें समोरून, वैमानिकाची नजर मिळाल्यावर आणि मान लववून. उतारावर उभें असेल तर खालच्या बाजूनें, कारण वरच्या बाजूस फिरतें पातें जमिनीच्या जवळ आलेलें असतें. शेपटीकडे तर फिरकावयाचेंच नाहीं. तेथील लहान पातें वेगामुळें डोळ्यांस दिसत नाहीं. हे सर्व नियम दिवसांतून चार वेळां, पांच वेळां, धुळींत, उन्हांत व यंत्राच्या गर्जनेंत पाळावयाचे. पहिल्या दिवशीं ते कोणीहि पाळील. चाळिसाव्या दिवशीं पाळणारा तो खरा.

शंभर लिटर म्हणजे एक माणूस

या कामांतील सर्वांत सूक्ष्म गोष्ट मात्र निराळीच आहे. आपणांस वाटेल कीं, टाकी गळ्यापर्यंत भरून द्यावी म्हणजे वारंवार यावें लागणार नाहीं. पण हेलिकॉप्टर तसें चालत नाहीं. हवा जितकी तापलेली आणि जागा जितकी उंच, तितकी हवा विरळ. आणि हवा विरळ झाली कीं पात्यांस आधार कमी व इंजिनाची शक्तिहि कमी. वणवा तर उन्हाळ्यांत आणि डोंगरावरच लागतो. म्हणून दर खेपेस वैमानिक तपमान व उंची पाहून आपणांस किती भार उचलतां येईल याचें गणित करतो. एक लिटर इंधनाचें वजन सुमारें आठशें ग्रॅम. शंभर लिटरांचें ऐशीं किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाइतकें. टाकींत शंभर लिटर अधिक गेले तर एक माणूस डोंगरावर राहील किंवा ऐशीं लिटर पाणी कमी पडेल. आणि शंभर लिटर कमी गेले तर परतीच्या वाटेवर कमतरता. म्हणून वैमानिक जेवढा आंकडा सांगेल तेवढाच, ना अधिक ना उणा, टाकींत गेला पाहिजे. आणि किती गेला हें मीटर पाहून ड्रायव्हरनें खरें सांगितलें पाहिजे.

वजनाचा हिशेब चुकला म्हणजे काय होतें, याची एक दुःखद नोंद त्या देशाच्या इतिहासांत आहे. २००८ सालच्या ऑगस्टच्या ५ तारखेस कॅलिफोर्नियांतील ट्रिनिटी आल्प्स नांवाच्या डोंगरांत वणव्यावरून परत फिरणाऱ्या जवानांना घेऊन एक मोठें सिकोर्स्की हेलिकॉप्टर एका उंच जागेवरून निघालें. त्या जागेवरून त्याच्या आधीं दोन खेपा झाल्या होत्या आणि मध्यंतरीं तें इंधन भरून आलें होतें. तिसऱ्या खेपेस तें झाडांवर आदळून कोसळलें. तेरांपैकीं नऊ माणसें गेलीं. चौकशी होऊन असा निर्णय झाला कीं, यंत्राचें रिकामें वजन कागदोपत्रीं मुद्दाम कमी दाखविलेलें होतें आणि शक्तीचे तक्तेहि बदललेले होते. शिवाय देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यांनीं तें ओळखलें नाहीं. इंधन भरणाराचा त्यांत कांहीं दोष नव्हता. परंतु या प्रसंगावरून एवढें कळतें कीं, या कामांत आंकडा म्हणजे केवळ शाईची रेघ नव्हे. कोणीतरी कोठेंतरी बसून खोटा आंकडा लिहितो आणि कोणा दुसऱ्याच्या घरीं त्याची किंमत मोजली जाते. टँकरवाल्याच्या वहींतील लिटरांचा आंकडा याच जातीचा आहे.

वाट पाहण्याचें काम

एवढें वाचून कोणास वाटेल कीं, हें काम सतत धांवपळीचें असावें. तसें नाहीं. त्यांतील बराच भाग वाट पाहण्यांत जातो. एखाद्या गवताळ मैदानावर तात्पुरता तळ पडतो. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी काठीवर फडफडते. सकाळीं सर्वांना एकत्र जमवून दिवसाचे बेत सांगतात. मग हेलिकॉप्टर उडून जातें आणि ड्रायव्हर गाडीच्या सावलींत बसतो. आग त्याला दिसत नाहीं. डोंगरापलीकडला धूर तेवढा दिसतो. दीड तासानें घरघर ऐकूं आली कीं तो उठतो. दहापंधरा मिनिटें काम, आणि पुन्हा सावली.

कधीं तर दिवसच्या दिवस उड्डाण होत नाहीं. धूर दाट झाला तर वैमानिकास जमीन दिसत नाहीं. वारा फार झाला तर यंत्र आवरत नाहीं. २०२५ च्या जानेवारीच्या ७ तारखेस लॉस एंजेलिस शहराच्या अंगावर दोन मोठे वणवे धांवून आले. त्या रात्रीं वाऱ्याचे झोत इतके प्रचंड होते कीं, गरज सर्वांत अधिक असतां विमानें व हेलिकॉप्टरें जमिनीवर उतरवून ठेवावीं लागलीं. अशा रात्रीं टाकी भरलेली, फिल्टर तपासलेले, तार गुंडाळून ठेवलेली. पण करावयाचें कांहींच नाहीं. दुसऱ्या दिवशीं वारा पडतांच मात्र एक मिनिटहि दवडावयाचें नाहीं. तयारी करून स्वस्थ बसणें हें तयारी करण्याहून कठीण असतें. परीक्षेच्या निकालाची किंवा इस्पितळांतील बातमीची वाट ज्या घरांनीं पाहिली आहे, त्यांस हें पटेल.

घरचा संसार या काळांत दुरूनच चालतो. बारा दिवस काम व दोन दिवस सुट्टी अशी पद्धति पुष्कळ ठिकाणीं आहे. पण सुट्टीचे दोन दिवस घरापासून हजार मैलांवर आले तर त्यांचा उपयोग कपडे धुण्यापलीकडे फारसा होत नाहीं. उन्हाळा हाच वणव्याचा हंगाम, आणि मुलांच्या शाळेची सुट्टीहि तेव्हांच. डोंगरांत टेलिफोन चालेल याचा भरंवसा नाहीं. पत्नी बातम्यांत धूर पाहते आणि आपला माणूस त्या धुराच्या कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज करीत राहते.

आपल्याकडे

हें सर्व दूरदेशींचें म्हणून सोडून द्यावें अशी स्थिति आतां राहिली नाहीं. २०१६ व २०२४ च्या उन्हाळ्यांत उत्तराखंडांतील वणव्यांवर आपल्या वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं भीमतालच्या सरोवरांतून पाणी उचलून ओतलें. २०२१ च्या जानेवारींत नागालँड व मणिपूर यांच्या सीमेवरील झुकू खोऱ्यांत तेंच करावें लागलें. आणि २०२३ च्या मार्चमध्यें तर वणवा आपल्या उंबरठ्याशीं आला. गोव्याच्या सत्तरी भागांतील म्हादईच्या अभयारण्यांत जागोजागीं आग लागली, आणि सदाहरित रानांचा जो टापू आपण ओलाचिंब समजत होतों, त्यावर नौदलाच्या व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना बादल्या घेऊन फेऱ्या घालाव्या लागल्या. गोव्यांतील लोकांनीं तें पाणी पडतांना पाहिलें आणि त्याचीं छायाचित्रेंहि प्रसिद्ध झालीं. त्या हेलिकॉप्टरांना इंधन कोणी भरलें, सकाळीं बरणी उजेडांत कोणी धरली, त्यांचीं छायाचित्रें आमच्या पाहण्यांत नाहींत. पण तीं माणसें होतीं, आणि त्यांनीं आपलें काम चोख केलें, हें त्या फेऱ्या निर्वेध पार पडल्या यावरूनच सिद्ध होतें.

आमच्या मतें या हकीकतींत आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं विचार करण्याजोगा एक मुद्दा आहे. आपल्या घरांत मुलाच्या भवितव्याची चर्चा निघाली कीं वैमानिक हा शब्द सर्वांच्या तोंडीं शोभतो. टँकरचा ड्रायव्हर असें म्हटलें तर बैठकींत शांतता पसरते. आणि स्थळ पाहावयास आलेल्या मंडळींसमोर तर तें नांव कोणी काढणारहि नाहीं. हातास तेल लागेल असें काम दुसऱ्याचें आणि कागदावरचें काम आपलें, अशी वांटणी आपण पिढ्यान् पिढ्या करून ठेवली आहे. परंतु वर वर्णिलेला माणूस रसायनशास्त्र जाणतो, विजेचे धर्म जाणतो, वजनाचें गणित जाणतो, कायदा जाणतो, आणि या सर्वांवर कळस म्हणजे कोणी पाहात नसतां नियम पाळतो. आपण आपल्या मुलांना ज्या विद्येसाठीं महागड्या शाळांत घालतों, ती विद्या याहून फार निराळी नाहीं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें समजावयास उशीर लागूं नये. घरांत मुंज किंवा लग्न निघालें कीं पंगतींत तूप वाढणारा सर्वांस दिसतो व त्याची वाहवा होते. तें तूप कढवितांना करपूं न देणारी काकू किंवा आत्या मात्र चुलीपाशीं असते. तिला पंगत दिसत नाहीं आणि पंगतीला ती दिसत नाहीं. तिच्या हातून एक क्षण दुर्लक्ष झालें असतें तर बाहेरची वाहवा बाहेरच राहिली असती. शहाणें घर तें कीं, ज्यांतील कर्ता पुरुष पंगत उठल्यावर आधीं स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन "वहिनी, आपण जेवलांत का?" असें विचारतो.

यापुढें वणव्याचें चित्र पडद्यावर दिसेल, आणि उन्हाळे जसे तापत चालले आहेत तसें तें अधिक वेळां दिसेल, तेव्हां घरांतील मुलें हेलिकॉप्टरकडे बोट दाखवितील. त्या वेळीं त्यांस एवढेंच सांगावें कीं, डोंगराच्या अलीकडे एक टँकर उभा आहे, त्याच्यापाशीं एक माणूस कान देऊन बसला आहे, आणि सकाळीं त्यानें बरणींतील इंधन उजेडांत धरून पाहिलें म्हणूनच हें यंत्र आतां उडत आहे. मुलांच्या पुढल्या प्रश्नांचीं उत्तरें देणें मग वडील मंडळींना फारसें अवघड जाऊं नये.